‘सेम टू सेम’ची परीक्षा

पालघर-बोईसरच्या पट्ट्यात नव्वदच्या दशकात कुणाच्या घरी टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आला, की आसपासची पोरे दोन दिवसांत त्याचा निकाल लावून मोकळी होत. निकाल दोनच : ‘सेम टू सेम आहे’ किंवा ‘डुप्लिकेट आहे’. सेम कशाशी, हे कुणी विचारत नसे. स्टेशनाजवळच्या पार्लरमध्ये उभ्या असलेल्या लाकडी पेटीशी. त्या पेटीतला लढाईचा खेळ घरच्या यंत्रावर उतरला की नाही, किती उतरला, कुठे सांडला, याची ही परीक्षा होती. तिला नियम होते, साक्षीदार होते, अपीलही होते. जुन्या पोथीच्या दोन प्रती समोर ठेवून अभ्यासक जे करतो, त्याहून हे काम फार वेगळे नव्हते. फरक एवढाच, की या परीक्षकांनी कागदावर काहीच ठेवले नाही. म्हणून हा लेख.

खेळाची ओळख आधी करून देतो. १९९१च्या मार्चमध्ये ओसाकाच्या कॅपकॉम कंपनीने ‘स्ट्रीट फायटर टू’ बाजारात आणला. अकिरा निशितानी आणि अकिरा यासुदा यांनी तो रचला. संगीत बहुतांशी योको शिमोमुरा यांचे. स्वरूप कुस्तीच्या फडासारखे. दोन लढवय्ये समोरासमोर, ठरावीक वेळ, तीनपैकी दोन डाव जिंकेल तो खरा. लढवय्ये आठ, त्यातला एक आपण निवडायचा. हाताशी एक दांडी आणि सहा बटणे : तीन ठोशांची, तीन लाथांची, हलकी, मध्यम आणि जड. पण पोरांना वेड लावले ते दांडीच्या छुप्या हालचालींनी. दांडी खाली, मग तिरकी, मग पुढे, आणि त्याच लयीत ठोशाचे बटण, की र्‍यू आणि केन यांच्या तळव्यांतून निळा गोळा सुटतो. जपानीत ‘हादोकेन’, आपल्याकडे ‘आडुकेन’. हालचाल पडद्यावर कुठे लिहिलेली नसे. ती दुसऱ्याच्या मनगटाकडे बघून शिकायची.

भारताचा प्रतिनिधी होता धालसिम. गळ्यात कवट्यांची माळ, वाटेल तितके लांबणारे हातपाय, तोंडातून जाळ, पाठीमागे हत्ती. कंपनीने त्याला एक मुलगाही दिला आणि त्याचे नाव ठेवले दत्ता. हातपाय लांबवण्याचा योग कुठल्या आखाड्यात शिकवतात ते जपान्यांनाच ठाऊक. पण दत्ता हे नाव त्यांनी कुठून उचलले असेल, याचे मला आजही कुतूहल आहे. आमच्याकडे मात्र उड्या पडत त्या केन आणि र्‍यूवर.

आणखी एक गोष्ट पुढच्या विवेचनासाठी लक्षात ठेवावी लागेल. खेळात मोटार फोडण्याची एक बोनस फेरी होती. ती तपासताना निर्मात्यांपैकी नोरिताका फुनामिझू यांच्या ध्यानात आले, की नेमकी वेळ साधली तर एका फटक्याला दुसरा जोडून मारता येतो. ठरवून ठेवलेली ही सोय नव्हती, राहून गेलेली फट होती. ती बुजवली गेली नाही आणि लढाईच्या खेळांत पुढे ‘कॉम्बो’ या नावाने जे शास्त्र उभे राहिले त्याचा पाया तोच. म्हणजे या खेळाचा मोठा भाग त्याच्या आराखड्यात नव्हताच, चालत्या यंत्रात होता. आराखडा पाहून नक्कल करणाऱ्याच्या हातून तो निसटणार, हे ओघाने आले.

आता पार्लरकडे. त्या काळी हा सगळा ठाणे जिल्हा. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला. उपनगरी लोकल विरारला संपे, डहाणूपर्यंत ती आली २०१३मध्ये. तोवर मुंबईला जायचे म्हणजे शटल किंवा एखादी लांबची गाडी पकडायची. तरी बोईसर हे काही आडगाव नव्हते. तारापूरची अणुवीज १९६९पासून सुरू होती, शेजारी एमआयडीसीचे कारखाने धूर सोडत होते, आणि फर्स्ट शिफ्ट सुटली की स्टेशनच्या रस्त्यावर मराठी, गुजराती, भोजपुरी एकदम कानावर येई. पार्लरमध्ये हीच सरमिसळ. कॉलनीतला इंग्रजी शाळेचा मुलगा, आयटीआयचा अप्रेंटिस, सातपाटीकडून आलेला कोळ्याचा पोर आणि कापडाच्या कारखान्यातला उत्तर प्रदेशी कामगार एकाच पेटीला खांदा लावून उभे राहत. जिंकला तो टिकला, हरला त्याने रुपया काढावा किंवा बाजूला व्हावे. नाव, गाव, जात विचारण्याइतकी उसंतच नसे. या पट्ट्यात इतक्या सहज एकमेकांसमोर येण्याच्या जागा फार नव्हत्या, आजही नाहीत.

पण त्या पेटीत जो ‘मूळ’ खेळ होता, तो मूळ नव्हता. माझ्याकडे बोईसरच्या भंगारातून आलेला एक बोर्ड आहे. चालू केला की शीर्षक इंद्रधनुषी रंगांत उमटते. लढाई चालू असताना स्टार्टचे बटण दाबले की लढवय्या बदलतो. हवेत उडी मारून आडुकेन सोडता येतो, आणि सुटलेला गोळा प्रतिस्पर्ध्याचा माग काढत वरखाली वळतो. कॅपकॉमने असे काही केले नव्हते. कंपनीच्या १९९२च्या ‘चॅम्पियन एडिशन’मध्ये परस्पर ढवळाढवळ करून निघालेली ही चोरटी प्रत, जगभरच्या खेळाडूंत ती ‘रेनबो एडिशन’ म्हणून ओळखली जाते. तिचा वेग आणि धुमाकूळ लोकांना इतका आवडला, की कॅपकॉमच्या अमेरिकन शाखेतल्या जेम्स गोडार्ड यांनी तो पाहून वेगवान आवृत्तीचा आग्रह धरला, आणि १९९२ सरता सरता ‘हायपर फायटिंग’ ही अधिकृत आवृत्ती निघाली. प्रक्षिप्त ओव्या वाचून कवीने आपला ग्रंथ सुधारून घ्यावा, तसा हा प्रकार.

बोईसरच्या पोराची फूटपट्टी ही अशी होती. हवेतला आडुकेन त्याच्या लेखी मूळ संहितेत होता. घरच्या प्रतीत तो नसला, तर दोष घरच्या प्रतीचा.

घरच्या प्रतींत सगळ्यात नावाजलेली निन्टेन्डोच्या सुपर फॅमिकॉमवरची, जून १९९२ची. सोळा मेगाबिटांची कॅसेट, म्हणजे आजच्या हिशेबाने दोन मेगाबाइट. मोबाइलवरचा एखादा फोटो याहून जड असतो. तेवढ्यात आठ लढवय्ये, त्यांचे देश, संगीत सगळे बसवले होते. पिंपे फोडण्याची बोनस फेरी गेली, तिच्या जागी विटा आल्या. चित्रे थोडी आखडली. पण सहा बटणे पुरी होती, चार अंगठ्याखाली, दोन वरच्या कडेला, आणि फटक्याला फटका जोडण्याची ती फटही शाबूत होती. जगात ६३ लाख प्रती खपल्या. सेगाच्या मेगा ड्राइव्हवर खेळ १९९३मध्ये आला. त्या यंत्राच्या कंट्रोलरला मुळात तीनच बटणे. ठोसे आणि लाथा यांची अदलाबदल स्टार्ट दाबून करावी लागे. म्हणून सेगाने सहा बटणांचा नवा कंट्रोलर काढला. लढवय्यांचे आवाज मात्र घसा बसल्यासारखे येत.

यातले आपल्या वाट्याला काय आले? मेगा ड्राइव्ह १९९५मध्ये शॉ वॉलेसमार्फत भारतात आला, किंमत १८,००० रुपये. रुपयाला एक डाव धरला तर अठरा हजार डाव; रोज दहा खेळले तरी जवळजवळ पाच वर्षे पुरतील. बोईसरमध्ये हा हिशेब तोंडी करता येणारी पोरे पुष्कळ होती, यंत्र घेणारे बाप नव्हते. आपल्याकडे घरोघरी गेली ती त्याआधीच्या पिढीची, आठ बिटांची यंत्रे. निन्टेन्डोचे यंत्र ‘समुराई’ नावाने विकले गेले. पण पसरल्या त्या तैवानी चिपांवर चालणाऱ्या त्याच्या नकला. मीडिया, लिटल मास्टर ही नावे त्या पिढीला सांगावी लागणार नाहीत. आणि या यंत्रांसाठी कॅपकॉमने ‘स्ट्रीट फायटर टू’ कधीच काढला नाही. काढला तैवानी मंडळींनी, कुणाला न विचारता.

पालघरला जुन्या सामानात मिळालेली तशी एक कॅसेट मी बरेच दिवस लावून पाहतो आहे. योको सॉफ्ट या नावाने १९९२मध्ये निघालेला हा खेळ. लढवय्ये चार : र्‍यू, गाइल, चुन-ली, झँगिफ. शेवटी येणाऱ्या खलनायकाचे नाव पडद्यावर ‘विगा’ असे येते. ही चूक मोलाची आहे. लाल गणवेशातल्या त्या हुकूमशहाला जपानी आवृत्तीत ‘वेगा’ म्हणतात. परदेशी आवृत्त्यांत नावांची अदलाबदल झाली आणि तो ‘एम. बायसन’ झाला. ‘विगा’ ही ‘वेगा’चीच बिघडलेली वाचना असणार, म्हणजे नकलकारांच्या पुढ्यात जपानी प्रत होती. लेखनिकाच्या चुकीवरून पोथीचे घराणे ओळखतात, ते इथेही चालते.

आता परीक्षेची कलमे. पहिले कलम हात. खेळ लावल्याबरोबर कुणीही चित्राकडे बघत नसे; प्रथम खाली-तिरके-पुढे करून आडुकेन निघतो का ते बघायचे. पार्लरची दांडी मुठीत धरायची असते आणि सगळे मनगट फिरते. घरच्या कंट्रोलरवर अधिकचे चिन्ह अंगठ्याने दाबायचे. गुनपेई योकोई यांनी १९८२च्या खिशातल्या ‘डाँकी काँग’साठी काढलेली ही युक्ती उड्या मारायला उत्तम, तिरक्या फिरकीला अंगठा सोलून निघतो. शिवाय बटणे दोन, एक ठोसा, एक लाथ. हलका-जड हा भेदच संपला. हलक्या ठोशाने चकवून जड लाथ घालणे हे ज्याचे कौशल्य, तो घरी नवशिक्याच्या रांगेत बसे. माझ्या मते या कॅसेटचा सर्वांत मोठा दोष हाच. चित्रांचा गरीबपणा त्यामानाने क्षम्य आहे.

चित्रांच्या गरीबपणाला कारणही तसेच होते. त्या यंत्रात हलती आकृती आठ-आठ ठिपके रुंदीच्या तुकड्यांची करावी लागते आणि पडद्याच्या एका आडव्या ओळीत असे आठच तुकडे दिसू शकतात. एकूण चौसष्ट ठिपके. दोन पैलवानांत वाटले तर प्रत्येकी बत्तीस. त्यात मधून आगीचा गोळा निघाला की नववा तुकडा होतो आणि कुणाचा तरी हात, कुणाचे पोट लुकलुकत नाहीसे होते. पोरांना ठिपक्यांचे गणित ठाऊक नव्हते. पण ‘तीन चीजा एका लायनीत आल्या की गायब होतात’ हा नियम त्यांनी निरीक्षणाने बसवला होता, आणि तो बरोबर होता.

दुसरे कलम वेळ. जपान-अमेरिकेतले टीव्ही सेकंदाला साठदा चित्र बदलतात, आपले पाल पद्धतीचे पन्नासदा. साठच्या तालावर बांधलेला खेळ पन्नासवर तसाच सोडला तर सहावा हिस्सा हळू चालतो. पार्लरच्या पेटीत मॉनिटर बोर्डाच्या तालावर. त्यातून इंद्रधनुषी बोर्ड मुळातच धावता. तिथून घरी आलेल्या मुलाला खेळ ‘ढिला’ वाटे आणि घरचे म्हणत, तुझ्या मनाचे खेळ आहेत. ते मनाचे नव्हते. त्याच्या बोटांनी पाल आणि एनटीएससीमधला फरक मोजला होता.

इथे एक जुनी गोष्ट आठवते. बालगंधर्वांचे पद रंगभूमीवर वन्समोअर घेत घेत फुलायचे. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला मिळायची साधारण तीन-साडेतीन मिनिटे. तबकडी ऐकून ‘हे गंधर्व नव्हेत’ म्हणणारे रसिक होते, आणि ज्यांनी गंधर्व पाहिलेच नाहीत अशा घरांतून त्याच तबकडीवर गाणे शिकलेलेही होते. दोघांचे खरे आहे. तबकडीसाठी पद पुन्हा बांधावे लागते, नुसते कापून भागत नाही. सुपर फॅमिकॉमची प्रत पुन्हा बांधलेली होती. तैवानी कॅसेट बहुतांशी कापलेली होती. तरीही आठ बिटांत ती उभी करणारा माणूस मला कारागीर वाटतो, चोर असला तरी.

तिसरे कलम माणूस, आणि निकाल बहुधा यावर फिरे. घरी हरलेल्याचा रुपया जात नाही. लगेच दुसरा डाव मांडता येतो, त्यामुळे हरण्याला वजनच राहत नाही. शिवाय समोर कोण? ज्याच्या घरी टीव्ही आहे त्याचा भाऊ, शेजारी, वर्गमित्र. अनोळखी माणूस नाही. कारखान्यातून सुटून आलेला, तेलकट बोटांचा, झँगिफ घेऊन गप उभा राहणारा तो कामगार कुणाच्या दिवाणखान्यात येणार नव्हता. यंत्र किती का सरस असेना, हे कलम घरच्या प्रतीला पार करता येत नसे.

आयांचा निकाल याच कलमावर उलटा लागे, आणि त्यांच्या बाजूने कायदाही होता. पार्लरला मुंबई पोलीस अधिनियम, १९५१खालचा परवाना लागे, करमणूक कर लागे. एम. जे. शिवानी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९५मध्ये व्हिडिओ गेमच्या जागांवर परवान्याचे नियंत्रण ठेवण्याचा सरकारचा अधिकार मान्य केला. मुद्दा होता जुगाराचा. गंमत म्हणजे त्याच सुमारास अमेरिकेत वाद पेटला होता तो घरच्या प्रतींवरून. ‘मॉर्टल कॉम्बॅट’ १३ सप्टेंबर १९९३ रोजी घरी आला तेव्हा निन्टेन्डोने रक्ताचा घाम करून टाकला, सेगाने गुप्त संकेत दिल्यावर रक्त दाखवले, आणि डिसेंबरात सिनेटपुढे सुनावणी झाली. तिकडे घरात काय शिरले याची भीती, इकडे पोरगा घराबाहेर कुणाशेजारी उभा राहतो याची. बोईसरची आई घरच्या कॅसेटला ‘चांगली’ म्हणे ते तिच्या चित्रांसाठी नव्हे.

मग उलटापालट झाली. नव्वदचे दशक सरताना पार्लरांत लाकडी पेट्यांच्या जागी टेबलावर टीव्ही आणि चिप बसवलेले प्लेस्टेशन आले, भाडे तासावर. सीडी मुंबईहून, लॅमिंग्टन रोडवरून येत. खेळ ‘टेकन थ्री’. नामकोचा हा खेळ पेटीत १९९७ला आणि प्लेस्टेशनवर १९९८ला आला. पेटीतले ‘सिस्टिम १२’ हे सरकीट प्लेस्टेशनच्याच धर्तीवर केलेले होते, फक्त वेगवान. त्यामुळे उतरवताना पडझड थोडी : मागची दृश्ये दोन थरांऐवजी एकाच पट्ट्याची झाली, चित्राची बारकाई किंचित उतरली, काही आवाज गेले. चार बटणे म्हणजे दोन हात, दोन पाय. प्लेस्टेशनच्या कंट्रोलरवर ती नेमकी बसली. वर घरच्या प्रतीत गॉनसारखी जादा पात्रे. परीक्षेच्या सगळ्या कलमांवर उतरणारी ही प्रत. पण आमच्या पट्ट्यात तिची परीक्षा झालीच नाही, कारण ‘टेकन थ्री’ची पेटी इथल्या पोरांनी पाहिलेलीच नव्हती. घरची प्रत पार्लरात जाऊन बसली आणि मूळ ठरली. भांडणे झाली ती वेगळ्याच गोष्टीवर : एडी गॉर्डो घ्यायचा की नाही. नुसती बटणे बडवून तो लाथांचा पाऊस पाडतो, म्हणून काही ठिकाणी त्याला बंदी होती. खेळात नसलेला हा नियम लोकांनी खेळावर घातला. २००५नंतरच्या भारनियमनात यात भर पडली. अणुवीज केंद्र उशाशी, तरी वीज गेली की चालू लढत तशीच विझे, आणि तासातली मिनिटे परत द्यायची की नाही याचा कायदा प्रत्येक पार्लरचा वेगळा असे.

त्याच काळात सायबर कॅफेत तिसरी प्रत आली. इटलीच्या निकोला साल्मोरिया यांनी फेब्रुवारी १९९७मध्ये ‘मेम’ हे सॉफ्टवेअर काढले. पेटीच्या बोर्डावरच्या चिपांतला मजकूर जसाच्या तसा संगणकावर चालवणारे. प्रत अक्षर न् अक्षर बरोबर. मग ‘सेम टू सेम’? एकटा खेळेल त्याला जवळपास. दोघे एका कीबोर्डवर बसले, की साध्या कीबोर्डला एका वेळी इतकी बटणे कळत नाहीत. एकाने दाबून धरले की दुसऱ्याचा ठोसा निघतच नाही. पुन्हा पहिल्या कलमावर नापास. तरी ज्याला आपण ‘मुस्तफा’ म्हणतो तो कॅपकॉमचा १९९३चा ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ घरच्या कुठल्याच यंत्रावर अधिकृतपणे उतरला नाही, त्यामुळे तो टिकला तो याच वाटेने. आणि चोरट्या बोर्डांनी. कॅपकॉमच्या त्या पिढीच्या अस्सल बोर्डांत एक बॅटरी असते. ती उतरली की आतली किल्ली पुसली जाते आणि बोर्ड मुका होतो. नकली बोर्डांत बॅटरी नसल्याने ते बोलत राहतात.

मे २०१८मध्ये कॅपकॉमने ‘स्ट्रीट फायटर’ची तीस वर्षे साजरी करणारा संग्रह काढला. बारा खेळ, पेटीतल्या रूपात, घरच्या यंत्रांवर. आता एमआयडीसीत सुपरवायझर असलेल्या, एके काळी बोईसरच्या पार्लरात केनवर हुकमत असलेल्या एका गृहस्थांना मी तो खेळायला दिला. त्यांनी हात तपासला, आवाज ऐकला, वेगाबद्दल मान डोलावली. मग ‘चॅम्पियन एडिशन’ लावून उडी मारली आणि हवेत मनगट फिरवले. काही निघाले नाही. तीन वेळा केले. कंट्रोलर खाली ठेवत ते म्हणाले, ‘‘डुप्लिकेट आहे.’’

मी भंगारातला बोर्ड जोडला. पॉवर सप्लाय तापेपर्यंत, म्हणजे साधारण चाळीस मिनिटे, आम्ही खेळलो.